रोख की फुकट

“कंपनीचा माणूस आला तर काय म्हणायचं?” नागनाथनं विचारलं.

“रोख घेणार!” शेडसमोर रांग लावून उभ्या असलेल्या बायका एका सुरात ओरडल्या.

“आणि सरकारी माणूस आला तर?”

“फुकट द्या!”

“फुकट द्या नाही हो मावशी. ‘आम्ही गरजू आहोत, योजनेतून मिळावं’ असं म्हणायचं.”

“तेच की,” रांगेत पुढे असलेल्या सुगलामावशी म्हणाल्या. “म्हंजे फुकटच न्हवं का?”

मी शेडच्या दारात उभी राहून हा वर्ग बघत होते. नागनाथ कोरेनं उभ्या आयुष्यात कुणाला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, आणि ते दिसतच होतं. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता. मला हसू येत होतं.

नागनाथ आणि मी सोलापूरच्या पॉलिटेक्निकमध्ये एका वर्गात होतो. मी शहरातली, तो बार्शीकडच्या या गावातला. त्याच्या गावात चिंचेच्या हंगामात दारोदारी टकटक ऐकू येते. आडते चिंचेची पोती बायकांच्या दारात टाकून जातात. बायका हातोडीनं टरफल फोडतात, शिरा ओढतात, चिंचोके काढतात आणि सोललेली चिंच आडत्याला परत देतात. मजुरी किलोवर. हंगाम संपेपर्यंत त्यांची बोटं काळी पडतात, आणि नखांच्या कडा अशा चिरतात की भाकरीचं पीठ मळतानाही त्या हाय हाय करतात. या कामाचं यंत्र करायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. नोकऱ्या सोडल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि एक यंत्र उभं केलं. ते खडखडायचं, पण चालायचं.

पहिल्या यंत्रापुरता पैसा मी सरकारच्या एका योजनेतून मिळवला होता. किती चपला झिजल्या ते विचारू नका. पुढची यंत्रं करायची तर दुसरा हप्ता हवा होता, आणि तो तपासणीनंतर मिळणार होता. नागनाथला हे सगळं मान्यच नव्हतं.

“तुझं सरकार पैसे देईल तोवर माझे केस पिकतील,” तो म्हणायचा. “बाहेरचा गुंतवणूकदार बघू. महिन्यात पैसे हातात.”

“आणि वर्षात आपण शेडच्या बाहेर,” मी म्हणायची. “सरकार निदान हिस्सा तरी मागत नाही.”

“हिस्सा मागायला आधी काहीतरी असावं लागतं, वृषाली.”

हे भांडण रोज व्हायचं, चहाबरोबर व्हायचं आणि चहाबरोबर संपायचं. पण त्या आठवड्यात ते संपत नव्हतं, रात्री फोनवरही चालू राहायचं. पुण्याच्या एका कंपनीनं नागनाथला नोकरीला बोलावलं होतं आणि रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, सासरे फोनवर ‘काय ठरलं’ एवढंच विचारायचे, आणि ते एवढंच पुरेसं होतं. पैशाची सोय झाली नाही तर तो जाणार होता. तो गेला की यंत्रही गेलं. विजेची जोडणी आणि कागदपत्रं मी बघायची, पण त्या लोखंडात जीव त्यानं ओतला होता.

त्यात ही रांग. योजनेच्या नियमाप्रमाणे शेडवर पाटी लावायची होती. पेंटरनं ‘शासनाच्या’ हा शब्द असा झोकात काढला की ‘अर्थसहाय्यातून’ला जागाच उरली नाही, तो खाली मुंगीएवढा झाला. गावानं मोठं तेवढं वाचलं. सरकार चिंचेची मशीन वाटणार, ही बातमी दोन दिवसांत शेजारच्या गावांतही गेली. तपासणीच्या दिवशी आम्ही शेड उघडायला आलो, तर बायका आधीच रांगेत. प्रत्येकीच्या हातात कॅरीबॅग, तीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पासपोर्ट साइजचे फोटो.

मला आनंदच झाला. तपासणीला येणाऱ्या साहेबाला लाभार्थीच तर हवे असतात! मी त्यांना परत पाठवणार नव्हते. आणि तेवढ्यात मुंबईहून फोन आला. गुंतवणुकीसाठी नागनाथ ज्या डी. परुळेकरांच्या मागे लागला होता, ते सोलापुरात आले होते आणि दोन दिवसांनी यायचं ते आजच येणार होते. त्यांना लाभार्थी नको होते, गिऱ्हाईक हवं होतं. त्यांचं पहिलंच म्हणणं होतं, विकत कोण घेणार ते दाखवा.

म्हणून तो वर्ग भरला होता.

“आनि दोगं संगंच आले तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“तर गप्प बसायचं,” नागनाथ म्हणाला आणि यंत्राचा पट्टा तपासायला आत गेला. मीही त्याच्यामागून गेले.

इथे आमची चूक झाली. कंपनीचा माणूस कोणता आणि सरकारी कोणता, हे बायकांनी ओळखायचं कसं, ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही माहीत नव्हतं.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. पहिल्यांदा एक बाई चालत आल्या. रस्ता खणून ठेवला होता म्हणून त्यांनी गाडी मारुतीच्या देवळापाशीच सोडली होती. पिकलेले केस, अंगावर साधी हातमागाची साडी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात काही नाही. बायकांना वाटलं, ग्रामसेविकेची मोठी साहेबीण असणार. सुगलामावशींनी त्यांचा हातच धरला.

“बाई, लई गरीब हाव आमी. एक रुपाया द्यायची ऐपत न्हाई. फुकट मिळालं तरच मशीन घिऊ, न्हाईतर आमाला नगं.”

“अजिबात विकत नाही घेणार?” बाईंनी विचारलं.

“विकत?” सुगलामावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या. “इख घ्यायला पैसं न्हाईत, बाई!”

मग धुरळा उडवत, खणलेल्या रस्त्याला न जुमानता, एक मोठी पांढरी गाडी आली. तिच्यातून गॉगल, पांढरे बूट आणि चकचकीत घड्याळ घातलेला तरुण उतरला. आता शंकेला जागाच नव्हती. बायकांनी त्याला गराडा घातला.

“रोख घेनार, साहेब! अनुदान-बिनुदान कायबी नगं!”

“सरकारच्या नादी कोन लागतंय? तुमी भाव सांगा!”

दोघं एकदमच शेडमध्ये आले.

“नमस्कार, मी देविका परुळेकर,” साडीवाल्या बाई म्हणाल्या.

“मी निनाद गायधनी,” गॉगल काढत तो तरुण म्हणाला. “योजनेच्या तपासणीसाठी आलोय.”

नागनाथचा हात पट्ट्यावरच राहिला. मी दाराकडे बघितलं. तिथून सुगलामावशींनी कामगिरी फत्ते झाल्यासारखा डोळा मारला.

“तुमचं अभिनंदन करायला हवं,” गायधनी साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच फुलला होता. “इतक्या ठिकाणी जातो, पण सरकारचे पैसे नको म्हणणारे लोक पहिल्यांदा भेटले. रोख घ्यायला तयार आहेत सगळ्या! मग दुसऱ्या हप्त्याची गरज राहत नाही. मी तसा शेरा मारतो.”

“गंमत आहे,” देविका परुळेकर म्हणाल्या. “मला तर सांगितलं की विष घ्यायलासुद्धा पैसे नाहीत.”

नागनाथ माझ्या पायावर पाय देत होता, म्हणजे काहीतरी थाप मार. पण थाप मारायलाही थोडी अक्कल जाग्यावर लागते, आणि माझी त्या क्षणी नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. वर्ग, ‘रोख घेणार’, ‘फुकट द्या’, पाटीवरचा तो मोठा शब्द, सगळं.

देविकाताई आधी गंभीर झाल्या, मग खाली मोडक्या खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. “माझी मुलगी मला सांगत असते, आई, मीटिंगला जाताना जरा बरी साडी नेसत जा,” त्या म्हणाल्या. गायधनी साहेबांनी ओशाळून आपल्या बुटांकडे बघितलं. “ऑफिसची गाडी दुरुस्तीला आहे,” ते म्हणाले. “ही मेव्हण्याची आहे हो.”

दोघांपैकी एक जरी रागावला असता, तरी आम्ही तिथेच संपलो असतो. पण देव पाठीशी होता म्हणा किंवा माणसं बरी भेटली म्हणा. “आता आलोच आहोत तर यंत्र तरी बघू,” देविकाताई म्हणाल्या.

यंत्र त्या दिवशी असं चाललं की माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. एका बाजूनं चिंच आत, दुसऱ्या बाजूनं टरफल आणि चिंचोके वेगळे. देविकाताईंनी बाहेर पडलेली चिंच बोटांत फिरवून बघितली, तोंडात टाकली, डोळे मिटले. मग त्यांनी नागनाथला असे प्रश्न विचारले की तो पहिल्यांदाच कुणीतरी आपलं ऐकतंय असा खुलून बोलायला लागला. अर्ध्या तासानं त्यांनी सरळ सांगितलं.

“मला यंत्र आवडलं. या महिन्यात पैसे देते. पण पहिली यंत्रं आडत्यांना विकायची. तेच घेऊ शकतात. बायकांचं पुढे बघू, भाव उतरल्यावर.”

“माझं उलटं आहे,” गायधनी साहेब म्हणाले. “मी बायकांच्या गटांनाच देऊ शकतो, आडत्यांना नाही. पण फाइल वरपर्यंत जाऊन येणार. हा हंगाम तर गेलाच. पुढचा मिळेल का, याची मी खात्री देणार नाही. खोटं कशाला बोलू?”

आम्ही दोघं शेडच्या कोपऱ्यात गेलो.

“हो म्हणूया,” नागनाथ हळूच म्हणाला. “वृषाली, ऐक. रविवार परवावर आलाय.”

वर्षभर मी ज्या सरकारच्या बाजूनं भांडत होते, त्याच्याच माणसानं समोर उभं राहून पुढच्या हंगामाचीसुद्धा खात्री नाही असं सांगितलं होतं. आणि नागनाथला जाऊ द्यायचं नव्हतं मला. मी होकाराची मान हलवली.

बायकांना घरी पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मी बाहेर येऊन सांगितलं की इतक्यात वाटप काही नाही, उन्हात उभ्या राहू नका.

“मग पयलं कुनाला देनार?” सुगलामावशींनी विचारलं.

“आडत्यांना. आधी त्यांना विकणार आणि मग...”

पुढचं कुणी ऐकलंच नाही.

“म्हंजे चिंच आता आमच्या दारात यायची बंद,” सुगलामावशी म्हणाल्या. “त्याच्याकडंच मशीन आसंल तर आमच्याकडं पोती कशाला टाकंल तो?”

रागानं नाही म्हणाल्या, समजून घेतल्यासारखं म्हणाल्या. बायका कॅरीबॅगा सावरत निघाल्या. बोटं झिजू नयेत म्हणून यंत्र केलं होतं आम्ही. बोटं रिकामी होतील, हे वर्षभराच्या भांडणात एकदाही आमच्या डोक्यात आलं नव्हतं. सरकारचा पैसा की खाजगी पैसा, यावर आम्ही घसा कोरडा केला. यंत्र कुणाच्या दारात उभं राहणार, हे त्यावरच ठरणार होतं, आणि रांगेतल्या बायकांना ते पाटी वाचल्या दिवसापासून कळलं होतं. म्हणून तर त्या सकाळपासून उन्हात उभ्या होत्या.

नागनाथ माझ्यामागे दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. रांगेच्या शेवटची एक बाई डोक्यावरून पदर ओढून, भिंतीच्या कडेकडेनं चालली होती. नागनाथ तिच्याकडे बघत राहिला, आणि एकदम पायऱ्या उतरला.

“आई?”

ती थांबली. मी महानंदाकाकूंच्या हातचं कितीदा जेवले होते, पण मलाही त्या ओळखू आल्या नव्हत्या.

“जाते, जाते,” त्या म्हणाल्या. “तू कामात हायस.”

“तू लाइनीत काय करतेस?”

“उभी होते.”

त्यांच्याही हातात कॅरीबॅग होती. नागनाथनं ती घेतली. आधार, रेशन कार्ड आणि नवे कोरे फोटो. फोटोत त्यांनी केस चापून चोपून बसवले होते आणि कॅमेऱ्याकडे घाबरून बघितलं होतं.

“हे कधी काढलेस?”

“काल. एसटीनं बार्शीला जाऊन आले.”

“आई, तुझ्या पोरानं केलंय ते यंत्र! तुला लाइनीत कशाला उभं राहायला पाहिजे? घरात सांगायचं मला!”

“केलंयस तू. पर तुजं कुठं हाय ते?” महानंदाकाकू म्हणाल्या. “रोज रातच्याला फोनवर भांडताय न्हवं का तुमी दोगं, सरकारचा पैसा घ्यायचा का कंपनीचा म्हनून? सरकारनं पैसा घातला तर त्याच्या लाइनीत उभं ऱ्हायाचं. कंपनीनं घातला तर आपलं कामच न्हाई तिथं. तुजं आसतं तर तुला मागितलं आसतं की मी.”

कुठेही तक्रार नव्हती त्यात. भाजी महागली असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. या बाईनं चिंच फोडून पोराला पॉलिटेक्निकला पाठवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तो आईला हाताला धरून शेडमध्ये घेऊन आला आणि देविकाताईंसमोर उभा राहिला.

“मॅडम, पहिली यंत्रं आडत्यांना देणार नाही. बायकांना द्यायची असली तर तुमचे पैसे घेतो.”

देविकाताईंनी महानंदाकाकूंकडे बघितलं, त्यांच्या बोटांकडे बघितलं.

“मला ते करता येणार नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुमचं चुकतंय म्हणून नाही. पैसे माझे नाहीत, नागनाथ. लोकांनी वाढवायला म्हणून दिलेत. मी त्यांना काय सांगू?”

“माझेही माझे नाहीत,” गायधनी साहेब पुटपुटले. “नाहीतर आत्ता सही केली असती.”

महानंदाकाकूंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

“मग हाय तरी कुनाचा त्यो पैसा?” त्यांनी विचारलं.

देविकाताई जाताना महानंदाकाकूंच्या पाया पडल्या. गायधनी साहेबांनी फाइल स्वतः वर घेऊन जाईन असा शब्द दिला, आणि तो त्यांनी पाळला, हे आज इतक्या वर्षांनी सांगायलाच हवं. हप्ता आला. फक्त दोन हंगाम उलटून आला.

त्या संध्याकाळी नागनाथनं शेडबाहेर उभं राहून पुण्याला फोन लावला. एक तारखेपासून येतो म्हणून सांगितलं.

मी भडकले. “झालं तुझं? एवढा बाणेदारपणा केलास आणि आता पळून चाललास? मग त्यांचेच पैसे घ्यायचे होते!”

“पळून कुठं?” तो म्हणाला. “पगार मिळणार आहे मला. शेडचं भाडं, लाइट बिल आणि लोखंड त्यातून सुटेल. तू इथं थांब. मी शनिवार-रविवार येत जाईन. एकेक करून होतील यंत्रं. सरकारचा हप्ता आला तर आला.”

“आणि बायकोला काय सांगणार?”

“तिला आधी फोन केला,” तो म्हणाला. “म्हणाली, सासूला एक द्या आधी, मग मला सांगा.”

वर्षभर आम्ही दोन दारांवरून भांडलो होतो, आणि हा गडी तिसरंच दार उघडून मोकळा झाला होता. स्वतःच्या घराचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडून झाडत होते, तर महानंदाकाकू तरातरा आत आल्या. हातात काही नव्हतं, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. यंत्राभोवती एक चक्कर मारली, त्याच्यावर थाप मारली, आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“वृषाली, नागनाथ पुन्याला चाललाय. त्याचा पगार ह्यात घालनार म्हनतोय. खरं का?”

“खरं, काकू.”

“मग मला एक मशीन पायजे,” त्या म्हणाल्या. “पयलं. दुसऱ्या कुनाला न्हाई.”

“तुम्हालाच देणार, काकू. घरी आणून बसवते.”

“घरी नगं, तिथं जागा कुठं हाय?” काकू माझ्यावरच खेकसल्या. “सुगलीच्या वट्यावर बसीव. सगळ्याजनींना जवळ पडतंय.”